गळलेला ठोका

ऑक्टोबर. पहिली फेरी, रुवी.
परीक्षकांच्या कागदावर निळ्या शाईत:
"आवाज आहे. वादन नाही."
गुण एकसष्ट.
कुलथेकाकांनी त्या कागदाच्या चार घड्या करून
तो खिशात ठेवला, आणि सोहारपर्यंतच्या परतीत
बसमध्ये कुणी पाण्याची बाटलीसुद्धा
मोठ्यानं उघडली नाही.

पथकाची वही माझ्याकडे असते.
मी ताशा वाजवते, दिवसा पगारपत्रकं करते,
म्हणून सगळ्यांना वाटतं, आकडे माझ्याशी बोलतात.
बोलतात. कधीकधी खोटंही.

सराव पंक्चरवाल्याच्या वखारीमागे,
तक्रार नको म्हणून ढोलांना गोधड्या गुंडाळून.
समुद्रावरून दमट वारा आला की पान सैल,
दोर ओढा, पुन्हा सैल.
फायबरचं घ्या, सगळे सांगत होते.
काका म्हणाले, फायबर घामाला ओळखत नाही.
(दुसऱ्या फेरीआधी त्यांनीच ते मागवलं.
हे वहीत नाही.
मुजावरांनी मात्र चामड्याचंच ठेवलं.)

नोव्हेंबर. साप्ताहिकात लेख.
लिहिणारे तांबोळीसर, मस्कतला चष्म्यांचं दुकान:
"सोहारचं पथक म्हणजे मुहूर्त टळलेली वरात.
घाई दिसते, लग्न दिसत नाही."
आमची झांजवाली लतिका म्हणाली,
चष्मेवाल्याला कान कुठून?
पण पुढच्या शुक्रवारी दुसरा हात
निम्म्या लयीत वाजवून पाहिला,
आणि काय सांगू,
चष्मेवाल्याला कान होते.

डिसेंबरात सत्तर.
जानेवारीत, सूरला, साडेशहात्तर.
"ताशा स्वच्छ." (हे मी दोनदा वाचलं.)
"ध्वज अजून झाडूसारखा."
मग ध्वजवाला दादासाहेब रोज संध्याकाळी गच्चीवर,
काठीला सतरंजी बांधून, दंड भरून येईपर्यंत.
शेजारच्या गच्चीवरची बलुची म्हातारी विचारायची,
सुकली नाही का अजून?

मग मुजावरांचा व्हिसा संपला.
संपवला, असं लिहायला हवं.
हिशेब मीच केला: अकरा वर्षं, सहा महिने,
एकेरी तिकीट.
चौथ्या हातात एक ठोका फक्त त्यांचा असायचा.
बाकी बावीस ढोल थांबलेले, आणि हा एकटा,
खाडीकाठच्या माणसाचा, जरा मागे रेंगाळणारा.
ढोल ते वखारीतच ठेवून गेले.
तो ठोका कुणाला द्यायचा यावर बैठक झाली.
चहा झाला.
कुणाला दिला नाही.

फेब्रुवारी, अंतिम फेरी.
बावीस थांबले.
मैदानामागच्या जनरेटरची घरघर ऐकू आली,
कुणाचं तरी पोर "संपलं?" म्हणालं,
मी काड्या हवेत धरून मोजत होते,
आणि मग सगळे एकदम कोसळलो, एकाच जागी.

निकाल: तिसरे. एक्याऐंशी.
पहिले परीक्षक: "चौथ्या हातात ठोका गळला. दोन गुण वजा."
दुसरे: "वरीलप्रमाणे."
तांबोळीसर, पुढच्या अंकात:
"वरात आता धावत नाही.
पण कुणीतरी मागे राहिल्यासारखं वाटतं.
कारण कळलं नाही."
तिसरे परीक्षक खमीस बिन राशिद,
पोलीस बँडातून निवृत्त, मराठीचा गंध नाही,
ढोल आयुष्यात पहिल्यांदा याच हंगामात ऐकलेला.
त्यांनी गुणांच्या चौकटीबाहेर अरबीत एक ओळ लिहिली.
बसच्या ड्रायव्हरनं ती वाचून सांगितली:
"तिथे कोण होता?"

काकांनी या कागदाच्याही चार घड्या केल्या,
पण खिशात ठेवायला त्यांना वेळ लागला.
मी वहीत आकडे उतरवले, वजाबाकीसकट.
मुजावरांना निकाल कळवला.
दोन दिवसांनी जयगडहून उत्तर आलं:
"दोन गुणांचं मनाला लावून घेऊ नका.
माझा ढोल उन्हात ठेवू नका,
चामडं तडकतं."